मिठाचं कुलूप

सेव्लिएवो, ७ नोव्हेंबर

वेलिकाबाई,

नमस्कार-चमत्कार लिहीत बसत नाही. तुमच्या धाकट्या भावाची, ग्रोझ्दानची, मी बायको, दोब्रिना. विसरला असाल म्हणून आठवण करून देते. भाऊ गेला तेव्हा तुम्ही कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभ्या होतात, ते मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं दाखवलं, एवढंच.

आज मृतांचा शनिवार. गहू उकडून, साखर पेरून, मेणबत्ती घेऊन मी तोदोरच्या कबरीवर गेले, तर यंदाही माझ्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं. वाटीभर गहू, वर अक्रोड, कडेला वाइन शिंपडलेली. इतकी वर्षं मला वाटायचं की पाद्रीबाबांची बायको ठेवत असेल. आज तिला तोंडावर विचारलं, तर बाई इकडेतिकडे बघायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गव्हावर अख्खे अक्रोड फक्त तुमच्या गावचे लोक ठेवतात. माझ्या लेकराच्या कबरीवर तुम्ही यायचं नाही. का, ते मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट. माझी लेक नेवेना दर रविवारी तिच्या पोराला, आसेनला घेऊन "सासूकडे जाते" म्हणून बाहेर पडते. काल जेवताना पोरगा बोलून गेला, "आजी, तुझ्या सूपाला चवच नाही. मोठ्या आजीच्या पिंपातलं पाणी दे ना."

"कुठली रे मोठी आजी?"

नेवेनाचा चेहरा खर्रकन उतरला. मग सगळं बाहेर आलं. बापाच्या अंत्यविधीपासून तुमच्याकडे येणं-जाणं सुरू आहे म्हणे. माझ्या पाठीमागे, माझ्याच नातवाला घेऊन!

आता मला खरं सांगा, तुम्ही त्याला काय देता? पाच वर्षांचं पोर. सोमवारी कोंबड्यासारखं उड्या मारत असतं आणि गुरुवार उजाडला की भिंतीकडे तोंड करून पडतं. उलट्या, चक्कर, हातपाय गार. रविवारी तुमच्याकडे गेलं की पुन्हा टुणटुणीत. दारुड्याचं असंच असतं. मिळालं की ताठ, नाही मिळालं की आडवा. पिंपात मिठात मुरवलेल्या कोबीच्या नुसत्या खारवणीनं असं होत नाही. त्यात तुम्ही आणखी काहीतरी घालता.

शिवाय त्याचे गुडघे, कोपरं, बोटांची पेरं काळी पडत चालली आहेत. हिरड्यासुद्धा. मी साबण लावून घासून घासून थकले. हा काळेपणा मी याआधी एकदाच पाहिलाय, आणि तेव्हाही त्या लेकराला तुमचेच हात लागले होते.

माझ्या घरात मीठ कुलपात असतं. चीजसुद्धा रात्रभर पाण्यात भिजवून, खारेपणा काढून मगच मी ताटात वाढते. नेवेनाला सांगितलंय, पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही. आता तुम्हालाही सांगितलं.

दोब्रिना

सेव्लिएवो, २४ नोव्हेंबर

वेलिकाबाई,

पत्राचं उत्तर नाही, आणि बसवाल्या स्लावीच्या हाती कॅन पाठवता! मी काय दुधखुळी आहे? स्लावी म्हणतो, "वेलिकाबाईंनी सांगितलंय, पोराला रोज एक पेला द्या. बाकी काही बोलल्या नाहीत." का नाही बोललात? बोलायला तोंड उरलंय का?

कॅन उघडून मी वास घेतला. वास कोबीचाच होता. पण वासाचं काय घेऊन बसलात! बाटलीभर काढून औषधांच्या दुकानात नेलं आणि तपासून दे म्हटलं. तो पोरगेला दुकानदार हसायलाच लागला. "काकू, हे कोबीचं पाणी आहे. माझे वडील रविवारी सकाळी हेच पितात, शनिवारची उतरायला." तोही तुमच्याच गावचा निघाला, म्हणजे झालंच. घरी आले आणि सगळं पाणी अंगणात ओतलं.

आसेन तेव्हा खिडकीत होता. असा रडला, जणू कुणी त्याचा कुत्रा मारलाय. पाण्यासाठी कुणी असं रडतं?

परवा तर कहर झाला. शेजारच्या दांकाच्या गोठ्यात शेळ्यांसाठी मिठाचा खडा टांगलेला असतो. हा तिथे शेळ्यांच्या मध्ये उभा राहून तो चाटत होता, डोळे मिटून. मी दोन ठेवून दिल्या आणि ओढत घरी आणला. दांका वर मलाच म्हणते, "अगं, पोराला मीठ हवंय तर दे की चिमूटभर. तू काय त्याला दवाखान्यातलं जेवण घालतेस?" तिला काय कळतंय? तिचं कुठलं मूल मिठानं गेलं?

बाळाला मीठ चोळायची आपली रीत मला ठाऊक नाही असं नाही. घामाला वास येऊ नये म्हणून सगळेच चोळतात. पण लोक चिमूट चिमूट घेतात, तुम्ही मूठ मूठ घेतलीत. तोदोरला प्रसूतिगृहातून आणलं त्याच आठवड्यात. मी तापानं फणफणत पलंगावर आणि तुम्ही त्याला उघडा करून, अंगभर मीठ चोळून, चादरीत गुंडाळून चुलीपाशी ठेवलंत. "नणंदेचा मान असतो," म्हणालात. मी उठले तेव्हा बाळ काळवंडलेलं, दूध टाकत होतं, रडायची ताकद नव्हती. महिना पुरा व्हायच्या आत गेलं. मिठानं भाजलं त्याला. तुमच्या भावानं कधी मान्य केलं नाही आणि मी कधी सोडलं नाही.

आमच्या इथल्या डॉक्टरांनी आसेनला पाहिलं. म्हणाले, पोट बिघडलंय, उन्हात खेळतो म्हणून काळा झालाय. नोव्हेंबरात कुठलं ऊन? पण तुमचं नाव मी तिथे घेतलं नाही, हे लक्षात ठेवा.

दोब्रिना

सोफिया, ९ डिसेंबर

वेलिकाबाई,

इस्पितळाच्या व्हरांड्यातून लिहितेय. एकच प्रश्न आहे, इथल्या डॉक्टरबाईंना तुम्ही फोन केला होतात का?

सेंट निकोलसच्या दिवशी अक्रोड भरलेला मासा ताटात घेतला आणि आसेन खुर्चीवरून खाली सरकला. आदल्या दिवसापासून थोडा ताप होता, सर्दीचा, कुणालाही येतो तसा. डोळे उघडे, पण ओळख नाही. ओठ कोरडे ठक्क. नेवेना ओरडली, मी ओरडले, रुग्णवाहिका आली. आधी गाब्रोव्हो, तिथून इथे. गाब्रोव्होला म्हणाले की रक्तातली साखर तळाला गेलीय, मीठही तळाला गेलंय. मीठ!

इथल्या डॉक्टरबाई, याकिमोवा, वयानं नेवेनाएवढ्या. पहिला प्रश्न काय विचारावा? "आजी, हा मीठ किती खातो?"

"एक कणही नाही," मी म्हणाले. "मी शिरूच देत नाही."

"मागतो? चोरून खातो?"

नेवेना म्हणाली, "शेळ्यांचा खडा चाटतो, डॉक्टर. आणि आत्याकडे गेलो की कोबीच्या पिंपाला तोंड लावून बसतो."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. जे ऐकायचं होतं तेच ऐकल्यासारखी. म्हणून मला तुमचा संशय आला.

सलाईन लावायला आले तेव्हा मी विचारलं, बाटलीत काय आहे. नर्स म्हणाली, "मीठ-साखरेचं पाणी, आजी." ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मी नळीला हात घातला. दोघी नर्सांनी मला धरून बाहेर काढलं, तिथे मी आरडाओरडा केला, शिव्या दिल्या. सकाळी नेवेना बोलवायला आली. पोरगं उशीला टेकून बसलं होतं आणि ब्रेडवर मिरच्यांची चटणी मागत होतं. मिठानं बरा झाला? मला पटेना. "त्या बाटलीत आणखी काहीतरी होतं," मी डॉक्टरबाईंना म्हणाले.

"होतंच," त्या म्हणाल्या. "त्याच्या अंगात जे तयार होत नाही, ते होतं."

मग कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. ती अंगातलं मीठ धरून ठेवते, ताप आला की माणसाला तगवते. आसेनच्या या ग्रंथी आईच्या पोटातच नीट घडल्या नाहीत. सोनोग्राफीत जेमतेम दिसल्या. म्हणून मीठ लघवीतून निघून जातं आणि पोरगं ते शोधत फिरतं. काळेपणाही त्यातलाच. मेंदू त्या ग्रंथींना सारख्या हाका मारतो, त्या उठत नाहीत, आणि त्या हाकांनी कातडी मात्र काळवंडते. हे सगळं त्यांनी छान समजावलं. इतकं छान समजावणाऱ्यांपासून मी सावध राहते.

पुढे विचारलं, घरात कुणी मुलगा तान्हेपणी गेलाय का? नेवेना म्हणाली, "माझा भाऊ गेला. पण तो आजारानं नाही, मिठानं." बाईंचं पेन थांबलं. मला सगळं सांगावं लागलं. तुमचं नाव घेतलं, लपवणार नाही.

"तो काळा कधी झाला?" त्यांनी विचारलं. "मीठ चोळायच्या आधी की नंतर?"

"नंतर," मी म्हणाले. अगदी ठाम.

दोब्रिना

सोफिया, १४ डिसेंबर

वेलिकाबाई,

हे पत्र स्लावीच्या हाती देतेय, म्हणजे उद्याच मिळेल. लगेच उत्तर पाठवा.

असे एकमेकांसारखे दिसणारे आजार बरेच आहेत. त्यातला एक आईकडून फक्त मुलग्यांना येतो, आईला स्वतःला काही होत नाही. रक्त बाहेरच्या देशात पाठवायचं, पण कुठला दोष शोधा हे आधी कळवावं लागतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचं बाळ मीठ चोळल्यावर काळं झालं असेल, तर त्या गोष्टीचा आसेनशी संबंध नसेल. पण आधीपासून काळं असेल, तर मला वेगळा विचार करावा लागेल. आणि लवकर करावा लागेल."

लवकर यासाठी, की नेवेनाला चौथा महिना आहे. मुलगा आहे. तो आजार त्याच्यातही असेल तर जन्मल्याबरोबर औषध सुरू व्हायला हवं. नाही झालं तर तोदोरसारखं होईल.

मी "नंतर" म्हणाले. पण मी तापात होते, बाळाला अंघोळ घालताना मी पाहिलंच नव्हतं. प्रसूतिगृहातून तो गुंडाळलेला आला, आणि मी त्याला पहिल्यांदा उघडा पाहिला तो तुमचं मीठ लागल्यावर. बाकीचं मी इतक्या वेळा सांगितलंय, की माझं मलाच पाहिल्यासारखं वाटतं. अंघोळ तुम्ही घातलीत. उघडा तुम्ही केलात. तुमच्याशिवाय हे कुणाला माहीत नाही.

म्हणून एवढंच सांगा, आधी की नंतर?

तुम्ही "आधी" म्हणाल हे मला ठाऊक आहे. त्यात तुमची सुटका आहे. मग तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवू तरी कसा? पण विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

दोब्रिना

सेव्लिएवो, २१ जानेवारी

वेलिकाबाई,

आज दाईंचा दिवस. दांकाकडे बायका जमल्यात, म्हाताऱ्या सुईणीचे उपकार मानायला तिच्या हातावर पाणी घालून टॉवेल देतायत, गाण्यांचा आवाज इथपर्यंत येतोय. मी गेले नाही.

तुम्ही पत्र पाठवाल असं वाटलं होतं. स्वतःच सोफियाला, इस्पितळात याल असं वाटलं नव्हतं. काळा रुमाल बांधून, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन तुम्ही थेट डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलात, माझ्याकडे ढुंकूनही न बघता. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणूनच तुम्ही मोठ्यानं बोलत होतात, असा माझा संशय आहे.

"प्रसूतिगृहातून आणला तेव्हाच सावळा होता," तुम्ही म्हणालात. "सुईण म्हणाली, कावीळ उतरतेय. मीठ चोळताना पोराच्या मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. त्याच्या आधी मी एक मूठ सोडवून बघितली होती, आयुष्याची रेघ केवढी आहे ते बघायला. आमच्याकडे बघतात. तळहातावरच्या रेघा काळ्या होत्या, डॉक्टर. शाईनं ओढल्यासारख्या. तिथे मीठ लागलंच नव्हतं."

वेलिकाबाई, आसेनच्या तळहाताच्या रेघा काळ्या आहेत. हे मी तुम्हाला कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही. आठवून आठवून पाहिलं. नेवेनाला खोदून खोदून विचारलं, तीही बोललेली नाही. तुम्ही स्वतः एखाद्या रविवारी पाहिल्या असतील म्हणावं, तर तुमच्याकडे तो कायम हातात पेला धरून. मग मिटलेल्या मुठीवर येऊन माझं डोकं थांबलं. खोटं बोलणारं माणूस मिटलेल्या मुठी कशाला आठवेल?

मी दार ढकलून आत आले. "इतकी वर्षं तोंडात काय मूग धरले होते?" मी म्हणाले.

तुम्ही वळलात. "सांगितलं होतं, दोब्रिना. दोनदा. एकदा तू दार लावलंस आणि एकदा माझ्यावर झारा फेकलास. हे बघ इथे." भुवईवरची खूण तुम्ही डॉक्टरबाईंनाही दाखवलीत. ते करायची काही गरज नव्हती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळाला मीठ चोळणं वाईटच, दोघीही ऐका. निरोगी बाळसुद्धा त्यानं जाऊ शकतं. पण हे बाळ त्यानं गेलं नाही. त्याच्या अंगात मीठ टिकतच नव्हतं."

टिकतच नव्हतं. आणि मी त्याच्यानंतर घरातलं सगळं मीठ कुलपात घातलं. आसेन जन्मला तेव्हापासून त्याच्या चीजमधलंही काढत आले. तुमच्या पिंपातल्या पाण्यावर पोर तगलं आणि ते पाणी मी अंगणात ओतलं. हे मला गिळवत नाही. झोपताना गिळवत नाही, उठताना गिळवत नाही. तुमच्यावर रागावणं सोपं होतं.

तुमच्या हातावर तेव्हाच पाणी घालायला हवं होतं. पण तुम्ही पाचच्या बसनं निघून गेलात.

दोब्रिना

सेव्लिएवो, १ मार्च

वन्सं,

मार्च लागला म्हणून लाल-पांढरा दोरा पाठवतेय, आरोग्यासाठी मनगटाला बांधा. आसेननं स्वतः वळलाय, म्हणून वाकडा आहे.

रक्ताचं उत्तर आलं. दोष आसेनमध्ये आहे. नेवेनात आहे, पण तिला त्याचा त्रास नाही. आणि तिला तो माझ्याकडून आला, माझंही रक्त तपासलं. म्हणजे तोदोर गेला तो माझ्याच रक्तानं. तुमच्या घराण्याचा काही संबंध नाही, हे तुम्ही गावभर सांगत असाल. सांगा.

गोळ्या दिवसातून तीनदा, एक मीठ धरून ठेवायची वेगळी, आयुष्यभर. मोठा झाला की आणखीही औषधं लागतील म्हणतात. ताप आला की गोळ्या वाढवायच्या, उलटी होऊन गोळी पडली की मांडीत इंजेक्शन द्यायचं आणि गाडी काढायची. मी बिहीच्या फळावर टोचून शिकले. पहिली दोन फळं वाया गेली. बालवाडीच्या बाईंनाही शिकवलं. पण त्या मान हलवतात फार पटकन, म्हणून मी रोज खिडकीतून बघून येते. औषधाच्या दुकानातला तो पोरगा एकदा दुसऱ्याच कंपनीची गोळी देत होता. मी डॉक्टरबाईंना फोन लावून मगच घेतली. ठीक होती. तरीही.

गुडघे उजळतायत. तळहाताच्या रेघा रोज उन्हात धरून बघते, फिक्या झाल्यात. परवा तो दांकाच्या मांजरामागे धावत सुटला, गुरुवार असून. मी कुंपणाशी उभी राहून रडले. दांकाला सांगितलं, कांदा चिरत होते.

कोबीचं पाणी डॉक्टरबाईंना विचारून, त्या सांगतील तेवढंच चालेल. पाठवा. आधी मी चाखणार, मगच त्याला.

दोब्रिना

सेव्लिएवो, २७ मे

वन्सं,

मुलगा झाला. नेवेना बरी आहे.

जन्मल्याबरोबर रक्त घेतलं, डॉक्टरबाई तयारच होत्या. यालाही तेच आहे. तुमच्या-माझ्या तोदोरला जे होतं तेच. पण औषध पहिल्याच दिवशी सुरू झालं आणि हा दूध ओढतोय. इतक्या जोरात, की नेवेना ओरडते. इस्पितळात होते तोवर मी रात्री उठून त्याचं नाक बघायची, मग छाती, मग औषधाची बाटली. कुणी बदलली तर नाही ना.

नाव वेलिन ठेवायचं म्हणतात. हे तुम्हीच नेवेनाच्या कानात घातलं असणार. मी नाही म्हटलेलं नाही.

आता कामाचं. आसेनला गोळ्या पुरतात, पण तान्ह्याला दुधातून मीठही द्यावं लागतं. डॉक्टरबाईंनी सिरिंज दिलीय, पाणी किती, मीठ किती, सगळं लिहून दिलंय. घरी आणल्यावर आपल्याला करायचंय. शुक्रवारी आणतायत. मी सगळं वाचलं, पाठ केलं, सिरिंज धुऊन ठेवली. कपाटाचं कुलूप काढलं. मीठ टेबलावर आहे.

आणि माझा हात पुढे होत नाही. हातात घेतलं की बोटं उघडतात. नेवेना फोनवर म्हणते, मी देते की. पण बाळाचं मीठ म्हणजे नणंदेचा मान, असं तुम्हीच म्हणाला होतात, आणि मी तो तुमच्याकडून काढून घेतला होता.

माफी मागायला बोलावत नाही. ते मला जमणार नाही आणि तुम्हालाही ऐकवणार नाही. तुम्ही मोजाल, मी बाजूला उभी राहून बघीन. जरा जास्त घेतलंत तर बोलेन.

टॉवेल काढून ठेवलाय, हातावर घालायला पाणीही. शुक्रवारी सकाळची बस पकडा, वन्सं. त्याला घरातलं पहिलं मीठ तुमच्याच हातचं मिळू दे.

तुमची भावजय,
दोब्रिना